नादिरशहाने बूट काढले

दोहा, शुक्रवार सकाळ

प्रिय महिपती,

पत्र बघून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. तू म्हणशील, रोज संध्याकाळी फोन होतो, मग हा कागदाचा कारभार कशाला? तर फोन तुझी बहीण स्पीकरवर लावून ओट्यावर ठेवते आणि माझं बोलणं अख्ख्या आळीला ऐकू जातं. मागे मी नुसतं पोट बिघडलंय म्हणालो, तर दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीत चारजणांनी तिला औषधं सांगितली. म्हणून हे पत्र रियाजच्या हाती देतोय. रियाज म्हणजे माझ्या खोलीतला, रत्नागिरीचा, पिकअप चालवतो. तो सुट्टीवर निघालाय, तिकडे पोचला की टपालात टाकेल. एकट्याने वाच. देवळाच्या पारावर बसून मोठ्याने वाचायचं नाही, तुझी ती सवय मला माहीत आहे.

पालखीचं तू मला तीनदा विचारलंस. भैरोबाची जुनी पालखी यात्रेत खांद्यावरच तडकली, नवी करायची आहे, आणि जुनी आमच्या अण्णांनी केली होती म्हणून नवी त्यांच्या पोरानेच करावी असं कमिटीचं म्हणणं. मी तिन्ही वेळा टोलवलं. एकदा म्हणालो रजा नाही. एकदा म्हणालो आवाज तुटतोय. तिसऱ्यांदा इन्शाल्ला म्हणालो, तर तू त्याच आठवड्यात सागवान बघायला गेलास. खरं असं होतं, महिपती, की मला माझ्या हाताचा भरवसा राहिला नव्हता. वीस वर्षं मी इथे शटरिंगचा सुतार आहे. म्हणजे सिमेंट ओतायच्या आधी लाकडाचे साचे ठोकायचे, आणि सिमेंट घट्ट झालं की तेच साचे उचकटून फेकायचे. इथल्या किती इमारती माझ्या साच्यातून उभ्या राहिल्या, पण माझ्या हातची एक फळी कुठे दाखव म्हणशील तर दाखवता येणार नाही. अशा हातांनी देवाचं आसन करायचं म्हणजे भीती वाटते. आता ती भीती कशी गेली ते लिहितो, आणि त्यात दिल्लीचा बादशहा कसा आला तेही.

इथे आपल्या मराठी लोकांचं एक मंडळ आहे. बहुतेक पुण्या-नाशिककडची इंजिनिअर मंडळी, ओल्ड एअरपोर्ट आणि अल हिलाल या वस्त्यांत राहतात. त्यातले नाशिकचे सदानंद साहेब आमच्या साइटवर सेफ्टी बघतात. हेल्मेट घाला, पट्टा बांधा, शिडी धरा, असं दिवसभर ओरडायचं हे त्यांचं काम. त्यांच्या पत्नी नीताताई दरवर्षी मंडळाचं नाटक बसवतात. पाच वर्षं शिवाजी महाराज झाले, तेव्हा यंदा त्यांनी नादिरशहाची स्वारी घेतली. कमिटीत लगेच कुरकुर. एकजण म्हणाला, "पलीकडे समुद्रापार इराण आहे, त्यांना राग आला तर?" दुसरा म्हणाला, "यात मराठे कुठे आहेत? मराठेच नसतील तर आमच्या घरचे कशाला येतील?" नीताताईंनी शांतपणे सांगितलं की पेशवे तेव्हा दक्षिणेत होते, बातमी ऐकून हालचाल करत होते. शेवटी तोड निघाली. दुसऱ्या अंकात जासूद धावत येऊन "बाजीराव निघाले आहेत!" एवढं एक वाक्य बोलणार. तालमीत ते वाक्य आलं की सगळे माझ्याकडे, म्हणजे या बाजीरावाकडे, बघायचे. मी कोपऱ्यात माप घेत असायचो.

तुला आठवतं का, सातवीत गुरुजींनी आपल्याला विचारलेलं, नादिरशहाच्या स्वारीचे परिणाम लिहा? तू लिहिलंस, "दिल्लीत बसायला खुर्ची उरली नाही." गुरुजींनी तुला मारलं आणि मग स्वतःच खिडकीकडे तोंड करून हसले. मला तेव्हापासून त्या मयूरासनाची आठवण आहे. सात वर्षं घडवत होते म्हणे ते. घडवलं कुणी, हे परीक्षेत येत नाही. लुटलं कुणी, हे मात्र दोन गुणांना येतं. सदानंद साहेब नादिरशहा होणार होते. ज्या माणसाला शिडीवरचा मजूर बघवत नाही, तो दिल्ली लुटायला निघाला होता.

तर मयूरासन करायचं काम माझ्याकडे आलं. फोरमनला विचारून साइटवरचं टाकाऊ लाकूड घेतलं आणि आम्हा मजुरांच्या कॅम्पच्या मागच्या शेडमध्ये बसलो. पहिले दोन दिवस पटाशी हातात वळवळत होती. डाव्या हाताने ती धरायची कशी हे मला नव्याने शिकावं लागलं, का ते पुढे लिहितो. पहिला मोर कोरला तो रियाजने सगळ्या बाजूंनी बघितला आणि म्हणाला, "बाजीभाऊ, ह्यो मोर हाय की कोंबडा?" दुसऱ्या मोराला म्हणाला, "आता कोंबडा वाटत नाय. बदक वाटतंय." पाचव्या मोरापाशी तो काही न बोलता निघून गेला आणि माझ्यासाठी चहा घेऊन आला. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हात परत येतोय.

पण एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही. बादशहाचं सिंहासन मी आयुष्यात पाहिलेलं नाही. मी पाहिलंय ते फक्त अण्णांच्या हातचं काम, म्हणजे देव्हारे आणि ती पालखी. अण्णा म्हणायचे, आसन असं करावं की समोर उभ्या राहिलेल्या माणसाला थोडं वाकावंच वाटेल. माझा हात त्याच मापाने चालला. तीच महिरप, तेच चार खांब, तसाच कठडा. नीताताईंनी निरोप धाडला होता की शेवटी नादिरशहाचे शिपाई ते उचलून नेणार आहेत, तेव्हा उचलता येईल असं करा. उचलायचं म्हटल्यावर मी खालून दोन दांडे काढले, खांद्याला बसतील असे. आणि काम संपल्यावर, आपल्यात रिवाज आहे तसं, एशियन टाउनमधून नारळ आणला, उदबत्ती लावली आणि कठड्याला हळदकुंकू वाहिलं. नंतर ते पुसावं हे काही सुचलं नाही.

प्रयोग एका शाळेच्या हॉलमध्ये होता. आमची पिकअप प्रयोगाच्या दिवशीच मोकळी झाली आणि सिंहासन तेव्हा पोचलं, त्यामुळे तालमी सगळ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर झाल्या होत्या. गेटवर वॉचमनने इराणची फौज अडवली. तलवारी थर्माकोलच्या होत्या, पण तो ऐकेना. सगळ्या तलवारी टेबलावर ठेवून घेतल्या, नादिरशहाचं ओळखपत्र मागितलं आणि त्याच्या गळ्यात पाहुण्याचा पास अडकवला. दिल्लीने त्याला एवढं अडवलं असतं तर इतिहास वेगळा झाला असता. तलवारी सुटेपर्यंत पहिला अंक सुरू झाला होता. मागच्या दोन ओळी आम्हा कॅम्पवाल्यांसाठी होत्या. मी मात्र पडद्याआड, काही मोडलंच तर हातोडी घेऊन उभा.

पहिल्या अंकात बादशहा महंमदशहा आला, रंगेल चालीने, हातात गुलाब. सिंहासनापाशी आला, हळदकुंकू दिसलं, आणि त्याने नकळत मोजड्या काढल्या, आसनाला हात लावून तो कपाळाला लावला आणि मग बसला, तोही अगदी कडेला, मांडी घालून. लोकांना वाटलं दरबारी रीत असेल. पुसायचं राहिलं ते माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मध्ये कत्तलीचा भाग नीताताईंनी दाखवला नाही. दिवे मालवले आणि एका दिवसात दिल्लीत किती माणसं कापली गेली एवढं एका बाईने सांगितलं. मग दिवे लागले आणि नादिरशहा आला.

त्याने करायचं एवढंच होतं की बुटासकट सिंहासनावर पाय ठेवायचा आणि गर्जायचं, "उचला हे!" साहेब तावातावाने आले. पाय उचलला. आणि पाय हवेतच राहिला. महिपती, मी त्या माणसाचा चेहरा बघत होतो. त्याच्यातला नादिरशहा पाय टाक म्हणत होता आणि नाशिकचा मुलगा टाकू देत नव्हता. शेवटी मुलगा जिंकला. साहेब खाली वाकून बूट काढायला लागले. बूट म्हणजे साइटवरचे गमबूट, सोनेरी रंगवलेले, एक नंबर लहान. निघेनात. दोन शिपाई धावले, एकाने कंबर धरली, दुसऱ्याने बूट ओढला, आणि बूट निघाला तेव्हा तिघेही तीन दिशांना पडले. हॉल नुसता उसळला. नादिरशहा एका पायात बूट आणि एका पायात भोकाचा मोजा अशा अवस्थेत उठला, आसनाला नमस्कार केला आणि म्हणाला, "उचला हे!"

चार शिपायांनी हात घातला. सगळे कॉम्प्युटरवर काम करणारे. मयूरासन हललंसुद्धा नाही, कारण मी ते भरीव लाकडात केलं होतं. तेव्हा साहेबांच्यातला सेफ्टीवाला जागा झाला. दिल्ली जिंकलेला तो माणूस भर रंगमंचावर ओरडला, "पाठ ताठ ठेवा! गुडघ्यात वाका! बोटं सांभाळा!" तरी हलेना. मग पडद्याकडे बघून हाक मारली, "बाजीराव, अहो या ना!" लोकांना वाटलं पेशवे आले. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मला जाणं भाग पडलं. मी हातोडी पाठीमागे लपवून गेलो. मागच्या ओळीतून रियाज आणि आमचे दोघे साताऱ्याकडचे आपणहून वर चढले. आम्ही चौघांनी दांडे खांद्यावर घेतले. आणि खांद्यावर दांडा आला की तोंडातून काय निघतं ते तुला सांगायला नको. त्या सातारकरांपैकी एकाने खच्चून आवाज दिला, "भैरोबाच्या नावानं..." आणि तीनशे माणसं एका दमात, "चांगभलं!" रियाजचा आवाज त्यात सर्वांत मोठा. अशा रीतीने नादिरशहाने दिल्लीचं मयूरासन चांगभलं करत लुटून नेलं, स्वतः एका बुटावर लंगडत पुढे चालला आणि लोक वाटेत हात जोडत होते.

नीताताई विंगेत डोक्याला हात लावून बसल्या होत्या. मी माफी मागायला गेलो. त्या म्हणाल्या, "बाजीराव, सहा महिने इतिहास वाचला हो मी." मग त्यांना हसू फुटलं आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत आवरेना. तेवढ्यात साहेबांच्या आई, फुलाबाई, तिथे आल्या. मुलाकडे महिनाभर राहायला आल्या आहेत. त्यांनी चष्मा वर केला, मोरांवरून बोट फिरवलं, कठड्याखाली हात घालून सांधे चाचपले. म्हणाल्या, "खिळा कुठे आहे रे?" मी म्हणालो, खिळे नाहीत, खाचेत खाच बसवली आहे. त्यांनी विचारलं, यावर बसायचं कुणी होतं? मी म्हणालो, बादशहाने. "काहीतरीच," त्या म्हणाल्या, "बादशहाला कोण देतंय हे!" आणि मुलाला फर्मान सोडलं, "सदा, हे मोडायचं नाही. घरी न्यायचं." नादिरशहा बिचारा "हो आई" म्हणाला. ते लिफ्टमध्ये मावलं नाही. आम्ही चार मजले चढवलं. आता अल हिलालला त्यावर त्यांचे देव बसलेत.

आता हे पत्र लिहिण्याचं कारण. मागच्या वर्षी श्रावणात साइटवर फिरत्या करवतीखाली माझ्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं वरचं पेर गेलं. चूक माझी, घाई केली. सदानंद साहेब दवाखान्यात दोन दिवस उशाशी होते. जखम केव्हाच भरली, दुखत नाही. पण तुझ्या बहिणीला, बबीताला, मी आजतागायत सांगितलेलं नाही. व्हिडिओवर हात खाली ठेवतो. ती म्हणते, हल्ली तुम्ही खिशात हात घालून साहेबासारखे बोलता. करार मार्चमध्ये संपतोय. तो वाढवायचा नाही असं मी काल सांगून टाकलं. मी कायमचा येतोय आणि पालखी मी करतो. कमिटीला सांग, साडेनऊ बोटांची असेल, चालत असेल तर सागवान घेऊन ठेवा. पण मी एसटीतून उतरताना तिने माझा हात पहिल्यांदा बघावा, हे मला नको आहे. तू भाऊ आहेस, तू आधी जा. पोरं शाळेत गेल्यावर जा. सरळ सांग, फिरवून सांगू नकोस. ती आधी रडेल, तोवर तिच्याजवळ बसून राहा. मग ती चौदा महिने लपवलं म्हणून ओरडायला लागेल. ओरडायला लागली की मला मिसकॉल दे आणि तू घरी जा. ते ओरडणं माझं आहे, मी ऐकतो.

तुझाच,
बाजीराव