नाव न घेता प्रार्थना

बजाजनगर, सोमवार

ती. भामाआत्यास राजकुमारचा प्रभूमध्ये सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? आम्ही इथं प्रभूच्या कृपेनं बरे आहोत (तुझ्या सूनबाईला, निशाला, सर्दी झालीय आणि ती बरी नाय म्हणते, पण पत्रात असंच लिहितात).

आबा गेल्यापासून घरातली संध्याकाळची प्रार्थना माझ्याकडं आली, हे तुला ठाऊकच. मी डोळे मिटतो, 'हे स्वर्गीय पित्या' म्हणतो, अन् पुढं गाडी हलत नाय. निशा एक डोळा उघडून बघते, मी खोकतो, मग जेवायला बसतो. आता तर खोकणंही बंद केलंय, सरळ जेवतोच. घर लई सुनं वाटतं, आत्या. पाळकसाहेबांना सांगितलं तर म्हणाले, विश्वासात मुरलेला एखादा वडीलधारा गाठ. मुरलेला म्हटल्यावर मला मुकुंदवाडीचे नानासाहेबच दिसले. रिटायर हेडमास्तर, चर्चच्या कमिटीवर, अन् बायबल इतकं पाठ की पाळकसाहेबसुद्धा त्यांच्यापुढं चाचरतात. त्यांच्या घरी जाऊन मन मोकळं केलं. त्यांनी माझा हात हातात घेतला (चहा गार झाला तरी सोडला नाय) अन् म्हणाले, ही गोष्ट माझ्यापाशीच राहील.

राहिली ना, रविवारपर्यंत. उपासनेत प्रार्थनेच्या विनंत्या सांगायची वेळ आली अन् नानासाहेब उठले. "बजाजनगरच्या आपल्या एका बंधूला प्रार्थना येईनाशी झालीय. नाव घेत नाय."

आमच्या चर्चमध्ये बजाजनगरहून येणारं घर एकच. सगळी मंडळी आमच्याकडं वळली. बाहेर वच्छलाबाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवून, मी स्कूटर चालू केलेली असताना, तिथंच लांबलचक प्रार्थना केली. तरुण संघ माझ्यासाठी उपास धरणारे. राग आला, पण दाखवला नाय. दाखवला असता तर पुढच्या रविवारी त्याचीही विनंती झाली असती.

आबांच्या मातीला जो तो मला वचनं ऐकवत होता. तू तेवढी शेजारी गप बसली होतीस. तेव्हा मला बरं वाटलं होतं.

घरच्या सगळ्यांना सलाम.

तुझा,
राजकुमार

ता.क. शनिवारी येतेस का? शिकवू नको काही. शेजारी बस, अन् प्रार्थना तू कर.

ता.क. हे तुझ्या महिला मंडळात सांगू नको. 'माझ्या एका भाच्याला' असंही नाय. तुला भाचा एकच आहे.

ता.क. पत्र वाचून निशा हसतेय. तिनंच तुला आधी फोनवर सांगितलं होतं, अन् तुझ्या मंडळानं गेल्या बुधवारीच माझ्यासाठी प्रार्थना केली म्हणे, नाव न घेता. असू दे. तरी तूच ये. आमेन तेवढं मी म्हणेन.