घोळीची जागा

वरोर, ता. डहाणू
३ नोव्हेंबर

चि. सुदर्शन यास ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिते, कारण फोनवर तू मीटिंगच्या पुढे सरकत नाहीस. तुझ्या भावोजींच्या बोटीवर तू दिवाळीत बसवलेला डबा चालतो. टॉवर नाही, काही नाही. भर समुद्रातून चिठ्ठी तुमच्या नव्या उपग्रहाला जाते आणि माझ्या मोबाइलवर उतरते. पहिलीच चिठ्ठी आली ती बोटीवरचं मीठ संपल्याची. एवढं आकाश कामाला लावून ह्यांनी मीठ मागितलं!

पण घरात धुसफूस आहे. चाचणीतल्या बोटींचे ठिपके तुमच्या कंपनीने नकाशावर साऱ्या जगाला दाखवले. शेजारच्या धाकल्याच्या बोटीवरही तुझाच डबा. त्याने ह्यांचा ठिपका बघितला, थेट तिथे गेला आणि ह्यांना लागलेली सोन्याच्या मोलाची घोळ मासळी उचलून आणली. घोळीची जागा बोटीचा तांडेल सख्ख्या भावालाही सांगत नाही, हे वरोरचा असून विसरलास? तो ठिपका आधी पूस.

लोभ असू दे, डोकंही असू दे.
तुझी ताई, मुक्ता

बंगळुरू
११ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

साहेबांना सांगितलं. ते म्हणतात, ठिपके पुसले तर कंपनी बघायला येणाऱ्या पाहुण्यांना दाखवायचं काय? प्रयत्न सोडलेला नाही. तोवर भावोजींना सांग, डबा उघड्या आकाशाखालीच हवा. वादळाचा इशाराही त्यावरच येणार. झाकला तर ते आम्हाला नाहीत आणि आम्ही त्यांना नाही.

तुझ्या शिव्यांचा भुकेला,
सुदर्शन

वरोर
२१ नोव्हेंबर

चि. सुदर्शन यास आशीर्वाद.

तुझा फोन बंद येतोय, म्हणून लिहीत बसले. नाहीतर वेड लागेल. काल वाऱ्याचा इशारा आला. सगळ्या बोटी परतल्या, ह्यांची नाही. ठिपका कुणाला दिसू नये म्हणून ह्यांनी डबा गोणपाटात गुंडाळून बोटीतल्या बर्फाच्या खणात पुरला होता. धाकल्याच्या डब्यावर इशारा आला, तेव्हा परतीच्या वाटेवर दिसलेल्या ह्यांच्या बोटीजवळ जाऊन तो ओरडून सांगून आला. हे हसले. म्हणाले, आम्हाला मासा लागला की धाकल्याला वादळ दिसतं. किनाऱ्यावर येऊन मला हे सांगताना तो शिव्या देत होता आणि डोळे पुसत होता.

सासूबाई विचारतात, मुक्ता, तुझ्या भावाला वरून सगळं दिसतं ना गं? काय सांगू?

पत्र अर्धं टाकून उठले होते. मोबाइल वाजला. डबा बर्फातून निघाला रे! ह्यांची चिठ्ठी: इंजिन बंद, बोटीत पाणी शिरतंय, चौघेही ठीक. खाली जागेचे आकडे. आणि सगळ्यात शेवटी, जागा कोणाला सांगू नको.

मी अनवाणी धावले आणि पहिली धाकल्यालाच सांगितली. तटरक्षकांनाही कळवलंय, पण त्यांची बोट लांब आहे. धाकल्याने इंजिन सुरू केलंय. आवाज इथवर येतो. वारा अजून पडलेला नाही.

पत्र पोचेपर्यंत काय ते झालेलं असेल. तरी लिहून ठेवते: लोभ आहे तेवढा पुरे, फक्त तो ठिपका पुसू नकोस.

तुझी ताई