स्पिरिट, पावडर आणि बावीस वर्षं

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आज चंद्रप्रभा मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. त्या आमच्या हॉस्पिटलच्या नर्सिंग डायरेक्टर. मला वाटलं, ड्यूटी रोस्टरवरून बोलणी खावी लागणार. पण नाही. म्हणाल्या, वाल्मीक, तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात तीन महिन्यांत सात पेशंटना बेडसोर झाले, पडून पडून पाठीला जखमा. आता नर्सिंग पुराव्यावर चालायला हवं, सवयीवर नाही. एव्हिडन्स-बेस्ड प्रॅक्टिस. त्याचे कोऑर्डिनेटर तुम्ही.

योग्य माणूस निवडला. नर्सिंगमध्ये बावीस वर्षं झाली. पुरावा म्हणजे आणखी काय असतं?

घरी सांगितलं. संपदाने विचारलं, याने सुट्ट्या वाढणार का कमी होणार. बायकोला कामाची किंमत नसते. आई मात्र खूश. शेजारच्या वर्मा आंटींना सांगून आली, मुलाला प्रमोशन मिळालं. प्रमोशन नाही, असं मी काही म्हटलं नाही.

संकल्प: रोज एक रिसर्च पेपर वाचायचा. मेट्रोत. मयूर विहार ते नोएडा सेक्टर बासष्ट, चांगला अर्धा तास मिळतो.

४ नोव्हेंबर, मंगळवार

मेट्रोत जागा नाही. उभ्याने पेपरचं शीर्षक वाचलं. शीर्षकच तीन ओळींचं होतं. त्यामुळे विषयाची साधारण कल्पना आली.

८ नोव्हेंबर, शनिवार

पाय दुखतात. दोन नर्स रजेवर, एक नोकरी सोडून गुरुग्रामला गेली. सोळा पेशंटना दोन जणी. बाहेर धूर, डोळे चुरचुरतात. पेपर वाचन सोमवारपासून.

१० नोव्हेंबर, सोमवार

माझं पहिलं ट्रेनिंग. एक्केचाळीस स्लाइड. त्यातल्या तीस माझ्या अनुभवावर. पाठीची काळजी कशी घ्यायची ते करून दाखवलं. हातावर स्पिरिट घ्यायचं, वरून पावडर, आणि जिथे लाल दिसेल तिथे गोल गोल मालिश. खाली हवा भरलेली रबरी रिंग. आमच्या ट्यूटरनी हेच शिकवलं, त्यांना त्यांच्या ट्यूटरनी.

शेवटी ऋचाने हात वर केला. पानिपतची मुलगी, तीन वर्षं झाली नोकरीला, आवाज हळू. विचारलं, सर, लाल जगह पर मालिश करने का एव्हिडन्स क्या है?

म्हटलं, बावीस साल.

तिने वहीत लिहून घेतलं. माझ्या उत्तराचा तिच्यावर चांगला परिणाम झालेला दिसला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

ऋचा कागद घेऊन आली. कुठल्या तरी गाइडलाइनचा प्रिंट. पिवळ्या पेनाने खुणा केलेल्या. त्यात म्हणे, लाल झालेली कातडी चोळायचीच नाही, आतलं नाजूक मांस आणखी फाटतं. रिंगही नको, तिच्या कडेने रक्त अडतं. टाचा गादीपासून उचलून ठेवा, पेशंटला थोडं कलतं करून उशी लावा, ठरल्या वेळी कूस बदला, आणि जमेल तितक्या लवकर उठवून बसवा.

मी सांगितलं, हे परदेशी कातडीवर केलेलं दिसतंय. आपली कातडी वेगळी. ती म्हणाली, सर, यात इंडियाचे पण पेपर आहेत. म्हटलं, रिव्ह्यू करतो.

परदेशी कातडीचा मुद्दा आयत्या वेळी सुचला, पण शास्त्रीय होता.

२४ नोव्हेंबर, सोमवार

ऋचा थेट मॅडमकडे गेली. आजकालची मुलं. मॅडम म्हणाल्या, खिडकीकडच्या आठ बेडवर हिच्या पद्धतीने करून बघू, चार आठवडे. बाकीचे आठ आत्ता चाललंय तसे.

मी मोठ्या मनाने होकार दिला. तिच्या पद्धतीला नाव दिलं, 'पायलट'. माझ्या पद्धतीला नावाची गरज नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

आई बाथरूममध्ये घसरली. खुब्याचं हाड मोडलं. चौऱ्याहत्तर वर्षं. घराजवळच्या हॉस्पिटलात नेलं, उद्या ऑपरेशन. ॲम्ब्युलन्समध्ये माझा हात धरून होती. मला म्हणाली, तू आहेस ना, मग मला काळजी नाही.

संपदाला पण मी हेच सांगितलं. मी आहे ना.

१० डिसेंबर, बुधवार

आई घरी आली. ऑपरेशन छान झालं. तिथल्या डॉक्टरने घरी काय करायचं ते सांगायला सुरुवात केली, मी थांबवलं. म्हटलं, मी याच लाइनचा आहे. त्याने पत्रक पुढे केलं. म्हटलं, अशी पत्रकं मी लिहितो. फिजिओथेरपीवाली म्हणाली, आजपासूनच वॉकर धरून दोन वेळा उभं करा. आत्ता कुठे हाड जोडलंय, आणि उभं करा? मी ठरवलं, तीन आठवडे पूर्ण आराम.

तक्ता बनवला. दर दोन तासांनी कूस बदलायची. सकाळी संपदा शाळेत शिकवायला जायच्या आधी, दुपारी कृतिका अकरावीच्या क्लासवरून आली की, संध्याकाळी मी. मधल्या वेळेचं नंतर बघू.

कृतिकाला सांगितलं, आजीची कूस बदल. ती म्हणाली, बाबा, कूस मतलब? चादर का? सतरा वर्षांची मुलगी. आईने हसून स्वतःच वळून दाखवायचा प्रयत्न केला आणि कळवळली.

नवी रिंग आणली. सकाळ-संध्याकाळ स्पिरिटची मालिश मी स्वतः करणार. हॉस्पिटलात शंभर जणांना केली, आईला नाही करणार?

१४ डिसेंबर, रविवार

आई म्हणते, पाठीची आग होते रे बाबू. समजावलं, आग होते म्हणजे रक्त खेळायला लागलं. म्हणाली, असं का? मग कर.

१९ डिसेंबर, शुक्रवार

वॉर्डचा आढावा. ऋचाच्या आठ बेडवर एकही बेडसोर नाही. माझ्या आठांत दोन. कारणं नोंदवून ठेवतो: १) माझ्या बाजूचे पेशंट वजनाने जास्त. २) माझ्या बाजूला ऊन येत नाही. ३) तिच्याकडे नशीब.

मॅडमनी कारणं ऐकून घेतली. मग म्हणाल्या, वाल्मीक, तुम्ही दमलेले दिसता, आईंचंही आहे. थोडे दिवस कोऑर्डिनेशन ऋचा बघेल. सगळ्या सोळा बेडवर तिचीच पद्धत.

विश्रांतीची गरज होतीच. सल्लागार म्हणून मी आहेच. तसं मॅडम म्हणाल्या नाहीत, पण त्यांचा रोख तोच असणार.

२७ डिसेंबर, शनिवार

धुकं. मेट्रोपर्यंत चालताना पुढचा माणूस दिसेना. घरी आलो तर आईचा माकडहाडाजवळचा भाग लाल, बोट दाबलं तरी लालच. मालिश वाढवली. दिवसातून तीनदा.

ती म्हणाली, ती रिंग रुतते. म्हटलं, सवय होईल.

संपदा विचारत होती, कुणाला तरी दाखवायचं का. कुणाला तरी म्हणजे? घरात बावीस वर्षांचा अनुभव बसलाय आणि ही कुणाला तरी दाखवणार. जेवलो नाही. मग भूक लागली, जेवलो.

४ जानेवारी २०२६, रविवार

जखम झाली. नखाएवढी. वर कातडी नाही.

मी घाबरलो नाही. पावडर टाकली.

८ जानेवारी, गुरुवार

नखाएवढी नाही राहिली. वासही येतोय. आई जेवत नाही. विचारलं तर म्हणते, तोंडाला चव नाही.

दोन तासांच्या तक्त्यावर कृतिकाच्या दुपारच्या सगळ्या खुणा आहेत. माझ्या संध्याकाळच्या अकरा खुणा नाहीत. मोजल्या. अकरा. कामावरून आलो की पाच मिनिटं टेकतो, आणि मग उठवत नाही. त्या पाच मिनिटांचं काय होतं, कळत नाही.

११ जानेवारी, रविवार

संपदाने मला न विचारता वॉर्डला फोन लावला. ऋचाची आज साप्ताहिक सुट्टी. तरी आली. मेट्रोने, मफलर बांधून.

तिने आईची पाठ बघितली. रिंग काढून दाराबाहेर ठेवली. दोन उशा मागितल्या, आईला एका अंगावर थोडं कलतं केलं, पायाखाली उशी दिली, टाचा वर केल्या. मग कृतिकाला जवळ घेऊन शिकवलं, हात कुठे धरायचा, चादर कशी ओढायची नाही. कृतिका एकदाच बघून शिकली.

मग तिने आईला विचारलं, अम्मा, यहाँ रगड़ता कौन था?

आई तिच्या तोडक्या हिंदीत म्हणाली, मेरा बेटा. वो बड़ा साहब है तुम्हारे इधर. उसको सब आता है.

ऋचाने माझ्याकडे बघितलं नाही. दुखत होतं तर सांगितलं का नाही, एवढंच विचारलं. आई म्हणाली, वो मन लगाके करता था. बोलती तो उसको बुरा लगता. तुम भी मत बोलना.

मी दारात उभा होतो. आईला ऐकायला कमी येतं, म्हणून ती जरा मोठ्याने बोलते.

दुपारपर्यंत ताप एकशे दोन. आमच्याच हॉस्पिटलात ॲडमिट. तिसरा मजला, खिडकीकडचा बेड.

१२ जानेवारी, सोमवार

सर्जनने मेलेलं मांस काढलं. सांगितलं, आठवडाभर उशीर झाला असता तर हाडापर्यंत गेलं असतं. विचारलं, घरी कोण बघत होतं? मी म्हटलं, घरचेच.

मी स्टाफ आहे हे त्यांना माहीत नव्हतं. युनिफॉर्म घातला नव्हता.

२० जानेवारी, मंगळवार

ताप उतरला. ड्यूटी संपली की आईजवळ बसतो. वॉर्डातल्या तक्त्यावर माझं नाव 'नातेवाईक' या रकान्यात. चारची कूस माझ्याकडे. ऋचा येऊन बघते, उशी दोन बोटं खाली घ्या सर, म्हणते. घेतो.

आज तो पिवळ्या खुणांचा प्रिंट वाचला. पूर्ण. सोळा पानं. मेट्रोत नाही, आईच्या बेडजवळ. अवघड नव्हता. नोव्हेंबरात वीस मिनिटं काढली असती तर झाला असता. तेव्हा वीस मिनिटं नव्हती. असं मी म्हणतो.

२ फेब्रुवारी, सोमवार

जखम भरतेय. आईला दोन वेळा वॉकर धरून उभं करतात. पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा ऋचा आणि फिजिओवाली दोघींनी टाळ्या वाजवल्या. आई मला शोधत होती. मी पाणी आणायला गेलो होतो. खरं तर जिन्यात उभा होतो.

संकल्प: मॅडमना सगळं सांगायचं. कुणी केलं, कसं केलं. उद्याच.

३ फेब्रुवारी, मंगळवार

मॅडम मीटिंगमध्ये.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

मॅडम मोकळ्या होत्या. मी मीटिंगमध्ये. म्हणजे मीटिंग नव्हती, पण होऊ शकली असती.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी दोन वाजता सेमिनार हॉलमध्ये ऋचाचं प्रेझेंटेशन. साठेक नर्स, मॅडम पहिल्या रांगेत. सगळ्या सोळा बेडवर तिची पद्धत आल्यापासून, आठ आठवड्यांत, वॉर्डातले बेडसोर सातावरून एकावर. तो एक पण बाहेरून आलेला. आईचा.

अंधारात पडद्यावर स्लाइड आली. नाव नाही, फोटोत फक्त जखम. वय चौऱ्याहत्तर, खुब्याचं ऑपरेशन, घरी लाल जागेवर स्पिरिटची मालिश, रिंग, महिनाभर झोपून. घरी काळजी घेणारे: अप्रशिक्षित नातेवाईक.

हे तिने माझ्यासाठी लिहिलं. मला कळलं.

पुढून कुणीतरी म्हणालं, आजच्या काळातही लोक असं करतात? कमाल आहे. ऋचा म्हणाली, घरवाले बेचारे क्या जानें. जो उनको सिखाया गया, वही किया.

मी शेवटच्या रांगेत होतो. ठरवलं, आता. आत्ता नाही तर कधीच नाही. वाक्य तयार होतं: तो नातेवाईक अप्रशिक्षित नव्हता, तो बावीस वर्षं नर्सिंगमध्ये आहे आणि इथे शिकवतो. गुडघे दुखत होते, तरी उभा राहिलो. खुर्ची वाजली. सगळ्यांनी मागे वळून बघितलं. ऋचाने पण. तिचा चेहरा पांढरा पडला.

मॅडमनी पण बघितलं. म्हणाल्या, हां वाल्मीक, उभे आहातच तर जरा लाइट लावा.

लावले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ऋचासाठी. मग चहा.

संध्याकाळी आईकडे गेलो. बसून जेवत होती, स्वतःच्या हाताने. म्हणाली, कार्यक्रम कसा झाला? चांगला झाला म्हटलं. तू पण बोललास का रे, तिने विचारलं.

म्हटलं, उभा राहिलो होतो.