गच्चीचा ताबा

आणि वर माझ्याच दुकानात, कपडे न्यायला आलेल्या गिऱ्हाइकांसमोर माझा थोरला भाऊ म्हणतो की मी डोक्यावर पडले आहे. कारण काय, तर आमचा धाकटा गेल्यावर त्याची ती वेबसाइट मी बंद केली नाही, उलट वाढवली. बाईमाणसाने पुरुषांच्या पुरुषांवरच्या प्रेमाच्या गोष्टी ऐकत बसावं, हे शहाण्या माणसाचं लक्षण आहे का, असं विचारून गेला, आणि जाताना स्वतःचा कोट मात्र धुऊन, इस्त्री करून, फुकट घेऊन गेला. वकीलबाई म्हणतात, मृत्युपत्राची सुरुवात भांडणाने करत नाहीत. त्यांचं बरोबर असेल. पण 'माझं डोकं ठिकाणावर आहे' हे वाक्य पहिल्यांदा लिहावं लागतं असंही त्याच म्हणतात, आणि ते मी कुणाला ऐकवते आहे हे लिहिल्याशिवाय माझा हात पुढे जात नाही.

सबब लिहून ठेवते की, मी खाली सही करणारी, धंदा लाँड्रीचा, वय पन्नाशीच्या आसपास, लग्न केलेलं नाही, शाळा चौथीनंतर सुटली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्या धाकाने नाही आणि कुणाच्या गोड बोलण्याला भुलून नाही, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अक्षर वाईट आहे, डोकं चांगलं आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. रागाच्या भरात थोरल्याला तोंडी जे काही म्हटलं असेल ते मृत्युपत्र धरू नये. शुक्रवारी माझ्या पोटातली गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखं नाही. मी घाबरलेली नाही. मला फक्त अर्धवट टाकलेलं काम आवडत नाही.

माणसांची खरी नावं-पत्ते वकीलबाईंनी वेगळ्या कागदावर घेतले आहेत. मी ज्या नावाने हाक मारते तेच इथे लिहिते.

कलम पहिलं. दुकान, दोन्ही मशीन, वाफेची इस्त्री, हँगर आणि वरची राहती खोली, हे सगळं माझ्या कष्टाचं आहे, वडिलोपार्जित नाही. हे मी इस्त्रीवालीला देते. तिने माझ्याकडे ऐन उमेदीची वर्षं उभ्याने काढली, आणि मी किती वेळा ओरडले तरी दुसऱ्या दिवशी मुकाट्याने येऊन शटर वर केलं. अट एकच. गच्चीचं वर्षाचं भाडं दुकानाच्या गल्ल्यातून जाईल, आधी गच्ची, मग साबण. आणि बाई गं, पांढरे कपडे रंगीत कपड्यांत टाकू नकोस, मी वर असले तरी मला कळेल.

कलम दुसरं. आईचं कपाट थोरल्याला. त्याला ते पहिल्यापासून हवं होतं. धाकट्याला निरोप द्यायला सगळे स्मशानात आत होते, आणि हा फाटकाबाहेर गाडीची काच वर करून बसला होता, हे मी विसरलेली नाही आणि विसरणारही नाही. तरी कपाट देते. कपाटाबरोबर एक गोष्ट देते, धाकट्याने लिहिलेली. त्यात एक मोठा भाऊ लहान भावाला सायकल शिकवतो, मागून धरलंय असं सांगून कधीच सोडून देतो, आणि लहान्याला ते कळतच नाही. इस्त्रीवालीने थोरल्याला समोर बसवून ती फोनवर ऐकवायची. मध्ये उठला तर कपाट नाही. शेवटपर्यंत बसला तर पाणी विचारायचं, आणि काही बोलायचं नाही.

आता गच्ची. वकीलबाईंनी पेन काढून विचारलं होतं, क्षेत्रफळ किती. म्हणून नीट लिहिते. गच्ची हे त्या वेबसाइटचं नाव आहे. गे लोक, म्हणजे पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष, तिथे आपण लिहिलेल्या गोष्टी आणून ठेवतात, एकमेकांच्या ऐकतात आणि सुधारतात. बाहेरच्याला आत दिसत नाही.

ती धाकट्याने उभी केली. त्याचं मला कळलं ते चादरीची घडी घालताना. मोठ्या चादरीला दोन माणसं लागतात, दोन कोपरे त्याच्या हातात, दोन माझ्या. मध्येच थांबून म्हणाला, "ताई, मी लग्न करणार नाही. मला पुरुष आवडतात." मी म्हटलं, "कोपरा वर धर, जमिनीला लागतोय." त्याने धरला. घडी झाली आणि तो रडायला लागला. मी दुसरी चादर उचलली. ती अर्धी झाल्यावर विचारलं, कोण आहे तो. म्हणाला, समोरच्या चष्म्याच्या दुकानातला. मी तशीच ओल्या हाताने रस्ता ओलांडून त्याला बघून आले. बघायला गेले म्हणून डोळे तपासून घ्यावे लागले, आणि खरोखरच नंबर निघाला.

धाकट्याच्या गोष्टी छापायला कुणी घेत नसे. एक जण म्हणाला, दोघांपैकी एकाची बाई करा, उद्या छापतो. त्या दिवशी त्याने आणि चष्मेवाल्याने मिळून गच्ची काढायची ठरवली. एकाने लिहायचं, दुसऱ्याने कॉम्प्युटरचं बघायचं. माणसं थोडीच होती, पण होती. मग धाकटा आजारी पडला आणि गेला. गच्चीवर लोक गोष्टी ठेवून उत्तराची वाट बघत होते. गिऱ्हाईक काउंटरवर उभं असताना दुकान बंद करायचं नसतं, एवढं मला कळतं. म्हणून मी वर चढले.

मला वाचायला वेळ लागतो, ओळीखाली बोट धरावं लागतं. मी लिहिलं, मला वाचता येत नाही धड, ऐकवा. कुणी तयार होईना. आवाज ओळखला गेला तर? कुणाची नोकरी, कुणाचं घर, कुणाचे वडील. शेवटी चष्मेवाल्याने तोड काढली. आपली गोष्ट आपण वाचायचीच नाही. एकाची गोष्ट दुसऱ्याने वाचायची. कुणी आवाज धरलाच तर म्हणायचं, मी नुसती वाचली, माझी नव्हे. ज्याची आहे त्याचा तर आवाजच त्यात नाही. लपण्यासाठी काढलेली युक्ती होती, पण झालं भलतंच. एका मास्तरांनी आपली गोष्ट परक्याच्या तोंडून ऐकली. एका वाक्याला वाचणाऱ्याचा आवाज अडखळला आणि त्याने तेच वाक्य परत वाचलं. मास्तरांनी मला कळवलं, "ताई, मला वाटायचं हे फक्त मलाच होतं." त्या दिवसापासून गच्चीचा तो नियमच झाला. कुणीही मोडू नये.

दुसरा नियम माझा. गोष्ट ऐकली की आधी सांगायचं, ऐकताना हातातलं काम कुठे थांबलं. चुका मागाहून. मी स्वतः इस्त्री करत ऐकते, त्यामुळे माझं खोटं चालत नाही. काम थांबलं की कापडाला कळतं. एका वकिलाच्या शर्टाची बाही मास्तरांच्या गोष्टीपायी गेली, भरपाई मी दिली, पण मास्तरांना कळवलं. ते आठवडाभर हवेत होते.

तिसरा नियम म्हणजे माणसं मारायची नाहीत. सुरुवातीला ज्याची गोष्ट उघडावी त्यात शेवटी दोघांतला एक जायचा. नदीत, आजारात, गाडीखाली. मी एकदा खरंच जाणारा माणूस बघितलाय, त्याच्या उशाशी बसलेय, मला ते असं पानाच्या तळाला दोन ओळींत उरकलेलं चालत नाही. मी लिहिलं, आता माझी परवानगी घेतल्याशिवाय कुणी मरणार नाही. ओरड झाली. मग शेवट काय करायचा, म्हणाले. मी म्हटलं, जगू दे की. वीजबिल कोण भरणार यावर भांडू दे. पुढच्या खेपेला एकाने दोन म्हातारे लिहिले. एकाला खिडकी उघडी लागते, दुसऱ्याला बंद. गोष्ट संपते तेव्हा खिडकी अर्धी उघडी असते. ती ऐकताना इस्त्रीवाली खुर्चीत बसली ती बराच वेळ उठलीच नाही.

आणि बसवाला. हा बस चालवतो, डेपोत गाडी उभी असताना फोनवर लिहितो. त्याची पहिली गोष्ट ऐकून मी कळवलं, तुझे दोघं सारखे खिडकीबाहेर बघतात, एकमेकांकडे कधी बघणार. तो गायबच झाला. मला वाटलं, दुखावला, गेला. बऱ्याच दिवसांनी नवी गोष्ट घेऊन आला. त्यात एकाचा हात मोडलाय आणि दुसरा त्याची नखं कापून देतोय, बस्स, एवढंच. मी काहीही सुधारलं नाही. फक्त लिहिलं, शाबास, लेका. त्याने उत्तर दिलं, हे मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

कलम तिसरं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. सदर गच्ची, तिच्या किल्ल्या, तिचे नियम आणि तिच्यावर ठेवलेल्या गोष्टी सांभाळण्याचा हक्क मी चष्मेवाल्याला देते. वकीलबाईंनी त्यांच्या कागदासाठी विचारलं, नातं काय लिहू. आम्ही दोघी अडलो. भावजय म्हणावं तर तो हसायचा, मेहुणा म्हणावं तर धाकटा. शेवटी मी सांगितलं तसं लिहिलंय: माझ्या धाकट्याचा जोडीदार, म्हणून माझा माणूस. वकीलबाई म्हणाल्या, असं नातं कायद्यात नाही. मी म्हटलं, तुम्ही लिहा, कायदा मागून येईल.

दुसऱ्या कुणाला देता येत नाही. इस्त्रीवाली कॉम्प्युटरला हात लावायला घाबरते. गच्चीवरच्या माणसांत लायक बरेच आहेत, पण तिथे कुणाचं खरं नाव कुणाला माहीत नाही, तसं ठेवलंय आम्हीच, आणि मृत्युपत्रात टोपणनाव चालत नाही. खरं नाव आणि पत्ता मला ठाऊक असलेला, आणि गच्चीची कडी कशी लागते हे जाणणारा माणूस एकच आहे. तो माझ्याशी बोलत नाही.

त्याचं कारणही लिहिते, म्हणजे मागाहून थोरल्याने काही जोडायला नको. धाकट्याची शेवटची गोष्ट अर्धी राहिली. गच्चीचा रिवाज असा की एखाद्याने अर्धवट सोडली तर बाकीच्यांनी मिळून पुरी करावी. मी म्हटलं, हीसुद्धा करू या, गच्चीवरच्या मुलांनाही त्याच्यासाठी काहीतरी करावंसं वाटतंय. चष्मेवाला म्हणाला, "ती त्याने माझ्यावर लिहिली होती. परक्या माणसांनी माझा शेवट करायचा नाही." मी म्हटलं, मग तू कर. तो म्हणाला, मला नाही जमत. मी म्हटलं, न जमायला काय झालं. झालं, त्या दिवसापासून गच्चीवर पाऊल नाही. रस्त्यापलीकडे बसतो, मान वर करत नाही. कपडे कुठल्या भलत्या लाँड्रीत टाकतो, कॉलर पिवळ्या पडल्यात, मला इथून दिसतात.

तर कलम चौथं. धाकट्याची ती अर्धी गोष्ट पूर्णपणे आणि कायमची चष्मेवाल्याची. त्याने ती पुरी करावी, न करावी, पेटीत ठेवावी, कुणी विचारायचं नाही, मीसुद्धा नाही. गच्चीचा रिवाज या एका गोष्टीला लागू नाही. तसं मी गच्चीवर लिहून टाकलं आहे आणि सगळ्यांनी होकार दिला आहे. बसवाल्याने तर लिहिलं, ताई, ती आम्ही हातही न लावता रोज धूळ पुसून ठेवू.

कलम पाचवं. माझे कपडे वाटून टाका. चष्मा माझ्याबरोबर जाऊ दे.

हे सगळं मी वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली आहे. दोघा साक्षीदारांना यातलं काहीही मिळत नाही. शेजारच्या कुलूपवाल्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, चहा तरी. चहा मिळाला.

सही: ताई, लाँड्रीवाली
साक्षीदार पहिला: शेजारचा कुलूपवाला (सही)
साक्षीदार दुसरी: वकीलबाईंच्या कचेरीतली टायपिस्ट (सही)
स्थळ: दुकानाची मागची खोली, वाळत घातलेल्या पडद्यांच्या मध्ये
वार: सोमवार, दुपार

ता. क. चष्मेवाल्या, ही प्रत इस्त्रीवाली तुझ्या हातात देईल, मी जिवंत असतानाच. वकीलबाई म्हणतात मृत्युपत्रात प्रश्न विचारत नाहीत. मेल्यावर उत्तर ऐकायला मी कुठून येणार, म्हणून आत्ता विचारते. तू नको म्हणालास तर मला काही झाल्यावर गच्ची वारसाने थोरल्याकडे जाईल, आणि तो ती त्याच दिवशी बंद करेल. तसं असेल तर दवाखान्यात जाण्याआधी मला सगळ्यांना कळवावं लागेल की आपापल्या गोष्टी उचला. मास्तर उचलतील कशाबशा. बसवाल्याचा फोन घरात सगळे बघतात, त्याला ठेवायला दुसरी जागा नाही, तो पुसून टाकेल. मला 'बघतो' नको. तू 'बघतो' म्हणतोस तेव्हा बघत नाहीस, हे धाकटाही म्हणायचा. नाही असेल तर नाही म्हण, मी चिडणार नाही. चिडेन, पण तुला दोष देणार नाही. गुरुवारी संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या आत रस्ता ओलांडून ये आणि माझ्या तोंडावर सांग: घेतोस की नाही?