नाव टाकलं की पहिला फोटो

१२ जानेवारी
आजपासून माझी स्वतःची वेबसाइट. इन्स्टावर कोणीबी असतं, वेबसाइटवाला माणूस वेगळा. कॉम्प्युटर सेंटरवाल्या मिथुननं बसून करून दिली. इन्स्टावर फोटो टाकला की साइटवर आपोआप चिकटतो. संकल्प: रोज एक फोटो, राग बंद. बी.एस्सी. सोडली म्हणून काय झालं? सरांच्या अंगावर जर्नल फेकलं ते चुकलं न्हाई, जर्नलच जड होतं. कॉलेजातल्या अर्पिताला एक दिवस कळंल.

१४ जानेवारी
मिथुनला तिळगूळ दिला न्हाई. म्हणला, साइटवर सगळं तुझंच थोबाड, पाहायचं कोणी? मंग एनएसएसच्या कॅम्पातला फोटो शोधला. खिचडीच्या लायनीत सगळे उभे. माझ्या पलीकडं अर्पिताची मैत्रीण नाहिद होती, ती कापली. बाकीचेबी कापले. राहिलो मी आणि अर्पिता. ती माझ्या बाजूला तोंड करून हसून राह्यली. हे मला तव्हा कळलंच न्हाई. खाली लिहिलं: अंगद आणि अर्पिता तातेराव शेजूळ. पूर्ण नाव टाकलं, म्हणजे इज्जतीत.

२५ जानेवारी
गुगलवर तिचं नाव टाकलं की सगळ्यात वर माझं पान. मिथुन म्हणला, तिच्याबद्दल दुसऱ्या कोणी काही लिहिलंच न्हाई, मंग येणारच वर. जळतो.

९ फेब्रुवारी, संध्याकाळी
तीर्थपुरीला अण्णासाहेब मामाच्या नातवाचं जावळ. राग बंद, म्हणून गेल्तो. पंगतीत मामा सगळ्यांदेखत म्हणला, भाचेसाहेब कॉलेज सोडून फोटो चिकटवायला लागले, एखादा आमच्या बैलाचाबी लावा. सगळी पंगत हसली. भरल्या ताटावरून उठलो. सांगून आलो, तुमच्या उंबऱ्याला पुन्हा पाय लावणार न्हाई. एसटीत बसून पाह्यलं तर अर्पितानं इन्स्टावरची माझी रिक्वेस्ट पुन्हा काढून टाकलेली. फोन खिडकीबाहेर फेकला. मंग कंडक्टरला म्हणलो, गाडी थांबवा. थांबवली न्हाई.

१० फेब्रुवारी
आईचा जुना फोन घेतला. साइटचा पासवर्ड आठवत न्हाई. ओटीपी जातो गेलेल्या सिमवर, सिम मामाच्या आधारवर. काही बिघडत न्हाई. साइट चालूच आहे. फोटो काढायचा थोडाच आहे?

४ मार्च
नाहिद दुकानावर आली. नवीन जालन्यात मी मोबाइल कव्हरच्या दुकानात बसतो, पत्ता साइटवर आहेच. वाटलं, अर्पितानं निरोप धाडला. निरोपच निघाला, पण वेगळा. अर्पिताची सोयरीक जमून राह्यली. मुलगा पुण्यात नोकरीला, लग्नानंतर एम.एस्सी. करू देतो म्हणला, म्हणून ती हो म्हणली. सुपारी फुटायच्या आधी मुलाच्या बहिणीनं नाव गुगलवर टाकलं आणि मीच दिसलो. नाहिद म्हणली, जल्दी काढ तो फोटो, तिच्या घरी दोन दिवस चूल न्हाई पेटली. मी म्हणलो, तिनं स्वतः सांगावं. नाहिद म्हणली, तिच्या अब्बांनी तिचा फोन काढून घेतलाय, तुला अकल हाय का? जाताना कव्हरच्या स्टँडला लाथ घालून गेली.
म्हणजे अर्पिता तिकडं तळमळून राह्यली.

५ मार्च
मिथुन म्हणतो, ओटीपीशिवाय हात लावता येत न्हाई. साइटवाल्यांना तक्रार केली, उत्तर येईल तव्हा येईल. नवं सिम काढायला मामाचा अंगठा लागतो. मामाच्या दारात जाणार न्हाई. तत्त्व म्हणजे तत्त्व. आणि सोयरीक मोडली तर बिघडलं काय? रस्ता मोकळा.

८ मार्च
सकाळी आईच्या फोनवर अर्पिताचे वडील, तातेराव. म्हणले, घरी येतो, बोलायचंय. मी दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला. आईला पोहे टाकायला लावले.
आमच्या मस्तगडच्या खोलीचा जिना चढून आले, पण बसले न्हाईत. आईपुढं हात जोडले. म्हणले, बाई, पाव्हण्यांनी आठ दिवस दिलेत, तेवढा फोटो काढायला सांगा, पोरगी वर्गात पहिली येती, तिचं वाटोळं होईल. माझ्याकडं पाह्यलंसुद्धा न्हाई. मी ताट पुढं केलं होतं, ते हातातच राहिलं. ते गेल्यावर आईनं चपलेनं हाणलं. म्हणली, उद्याच्या उद्या मामाकडं जा. जाणार.

११ मार्च
मामानं आधी फोन करावा. मोठा तो आहे.

१४ मार्च
आईनंच मामाला फोन लावून माझ्या कानाला धरला. मामा म्हणला, ये. पण आवाजात माज होता. सोमवारनंतर बघू.

१९ मार्च
गेलो. मामा हसला न्हाई, टोमणा मारला न्हाई. गाडी काढली, सिमच्या दुकानात अंगठा दिला, नवं सिम माझ्या हातात ठेवलं आणि मला तिथंच सोडून निघून गेला. एवढा घुश्शात राहायला काय झालं? संध्याकाळी मिथुनच्या सेंटरवर पान उडवलं. पाच मिनिटं लागली. आता तातेरावांना कळंल, मी शब्दाचा पक्का आहे.

२ एप्रिल
मिथुनकडून कळलं, पुण्याच्यांनी सोळा तारखेलाच नको म्हणून सांगितलेलं. फोटो गेला, पण त्यांच्या मोबाइलमध्ये आहे म्हणे. अर्पिताचं कॉलेज बंद. परीक्षेलाबी बसू देणार न्हाईत.
कोणीतरी सांभाळून घ्यायला पाहिजे. ठरवलं: अक्षय तृतीयेला आईला घेऊन रीतसर मागणी घालायची. आईला सांगितलं. म्हणली, मी मेले समज. तिला विचार करायला वेळ लागतो.

२१ एप्रिल
आई अजून बोलत न्हाई. एकटाच गेल्तो. तातेरावांच्या दाराला आतून कडी. हाक मारली तर रेडिओचा आवाज वाढवला. पुन्हा जाईन.

५ मे
काल अर्पिताचं लग्न झालं. दारापुढंच, बिनबँडचं. नवरा बिजवर, पहिल्या बायकोची मुलगी शाळेत जाती.
दुपारी नाहिद दुकानापुढून चालली होती. हाका मारून थांबवलं. म्हणलो, एकच सांग, खरं सांग, अर्पिता माझ्याबद्दल काय म्हणली? तिनं आज लाथ मारली न्हाई. म्हणली, मार्चमध्ये तिला तो फोटो दाखवला, तव्हा तिनं विचारलं, हा पोरगा कोण?
मी म्हणलो, मंग तू सांगितलं न्हाई?
म्हणली, काय सांगू? मलाबी तुझं नाव त्या पानावरूनच कळलं.