रविवारी करू

अण्णा, आज गुरुवार. तुमच्या नातीला परवा मंगळवारी सहा वर्षं पूर्ण झाली, पण तिचा वाढदिवस येत्या रविवारी आहे. हे वाक्य तुमच्याशिवाय कुणाला सरळ वाटायचं नाही.

आपल्या घरात वाढदिवस तुमच्या सुट्टीच्या दिवशी यायचे. केमिकल कंपनीतल्या तुमच्या तीन पाळ्या सतत फिरत्या, त्यामुळे माझा वाढदिवस पंचांग नव्हे, शिफ्टचा तक्ता ठरवायचा. "तारीख सरकारची, तिथी पंचांगाची, सुट्टी तेवढी आपली," असं म्हणून तुम्ही शास्त्राधार असल्यासारखा चेहरा करायचात. उद्याचं काम आज करावं, मरण थांबत नाही, या अर्थाचं सुभाषित तुम्हीच माझ्याकडून घोकून घेतलंत. वाढदिवस हे काम नव्हे, असा तुमचा अन्वय असावा.

मला आठ पूर्ण झाली तो दिवस आठवतोय. तुम्ही रात्रपाळीला निघताय, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उकिडवे बसून मोजे चढवताय, आणि मी डबा धरून उभी. "आजच करा ना. सगळ्यांचा त्याच दिवशी करतात." तुम्ही म्हणता, "सगळ्यांचे बाबा बँकेत आहेत. रविवारी करू. रविवार काय पळून जातोय?" आई तव्यावरची नजर न काढता म्हणते, "अहो, निदान ओवाळून तरी घेऊ द्या. निरांजन लावायला कितीसा वेळ लागतो?" "एकदाच काय ते नीट करू," म्हणून तुम्ही डबा घेता आणि निघता. कोपऱ्यावर बस उभी असते.

सकाळी परतीच्या बसमध्ये तुम्ही नेहमीसारखे खिडकीला डोकं टेकून झोपलात. तुमच्या झोपेची कंपनीत ख्यातीच होती. आपला स्टॉप आला की शेजारी बसणारे काका खांदा हलवून म्हणायचे, "उठा शास्त्रीबुवा, काशी आली." त्या दिवशीही त्यांनी हलवलं, पुन्हा हलवलं, मागचे लोक हसलेसुद्धा. मग आपल्या गल्लीत कधीच न वळणारी ती बस गल्लीत वळली. मी गॅलरीतून पाहिलं आणि मला वाटलं, माझ्या वाढदिवसासाठी आज तुम्हाला दारापर्यंत सोडताहेत.

रविवारसाठी आणलेला निळा फ्रॉक आईने मला तेराव्याच्या गोडाच्या जेवणाला घातला. दुसरा नवा नव्हता. श्रीखंड वाढता वाढता मावशी म्हणाली, "शोभतो गं तुला," आणि मग तिलाच रडू फुटलं. ओवाळणं राहूनच गेलं. सुतकात ओवाळत नाहीत, हेही तुम्हीच शिकवलेलं. तेव्हा शास्त्रशुद्ध बघायला गेलं तर माझा आठवा वाढदिवस अजून व्हायचाय.

इतकं सगळं होऊन मी शहाणी व्हायला हवी होते. झाले नाही. नवऱ्याची सुट्टी आणि सोसायटीचा हॉल, दोन्ही रविवारीच मिळत होते, म्हणून लेकीला सांगून टाकलं, "तुझा वाढदिवस रविवारी." तिने ते आपल्या घराण्याला शोभेल अशा निष्ठेने मानलं. मंगळवारी दुपारी मी बेलापूरच्या ऑफिसात मीटिंगमध्ये, आणि शाळेतून फोन. "मॅडम, आमच्याकडे आजची डेट आहे. बर्थडेला मुलं कलर ड्रेसमध्ये येतात, ही युनिफॉर्ममध्ये आलीय. क्राऊन घालायला बोलावलं तर येतच नाहीये. म्हणते, माझा बर्थडे संडेला आहे." मागून तिचा आवाज आला, "आई, टीचरला सांग ना!" समोर साहेब घड्याळ बघत होते. मी सांगितलं, "हो, बरोबर आहे तिचं. रविवारीच आहे."

संध्याकाळी चप्पलसुद्धा न काढता मी निरांजन शोधलं, वात केली, पाट मांडला. ती पाटावर बसली नाही. कपाळावर दोन्ही हात ठेवून उभी राहिली.

"आज नको. रविवारी."

"अगं, आज नुसतं ओवाळते. केक रविवारी."

"नको म्हटलं ना. मी सगळ्यांना रविवार सांगितलंय. आज केलं तर मी खोटी पडेन." आणि मग थोड्या वेळाने, "रविवार आला नाही तर?"

"रविवार काय पळून जातोय?" मी म्हणाले. शब्द तुमचे, आवाजही बहुधा तुमचाच. निरांजन तसंच जळत राहिलं, आणि ते विझवायचं कसं, हे तुम्ही काही शिकवून ठेवलेलं नाही.

कबुली एवढीच आहे, अण्णा. एरवी मीही ऑफिसच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून झोपते. तुमच्याकडून वारशात आलेली तेवढी एकच मालमत्ता. मंगळवारपासून मात्र डोळा मिटलेला नाही. बस आत्ता तळवलीपाशी अडकलीय, शेजारची बाई माझ्या खांद्यावर पेंगतेय, ऐरोलीचा माझा स्टॉप अजून लांब आहे. हे तुम्हाला पोचावं म्हणून मी लिहीत नाहीये. जागं राहायचंय, म्हणून लिहितेय.