ब्रायोनीच्या रक्ताची साक्ष

उल्व्हरस्टोन, रविवार

ती. क्लाइव्हदादांना धाकट्या डेसमंडचा सादर नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? नॉर्मावहिनींचा खोकला थांबला असेल आणि तुम्हाला पुन्हा बोलणी बसू लागली असतील, अशी आशा आहे. इकडे सगळे ठीक. ब्रायोनीचीही प्रकृती ठणठणीत आहे, पण तिचं रक्त संशयित ठरलंय. आपल्या बहिणीची ही पोर सायकलच्या राष्ट्रीय संघात निवडली गेली आणि आता गुरुवारी होबार्टला उत्तेजकविरोधी समितीपुढे तिने खुलासा केला नाही, तर संघ गेलाच. शिवाय लबाडीचा शिक्का जन्मभर कपाळावर.

मी गोदीच्या फाटकावर उभा राहून अन्यायाविरुद्ध आयुष्यभर घसा फोडलाय. त्यामुळे मागे समितीच्या तपासणीसाठी रक्त घ्यायला मिसेस फार्कर घरी आल्या, तेव्हा मी भांडायच्या तयारीतच होतो. त्यांनी ब्रायोनीला आधी दहा मिनिटं खुर्चीत बसवलं, पाय जमिनीला टेकवून (आडवं पडलं की रक्ताचे आकडे बदलतात म्हणे). एवढी शांतता फुकट कशी घालवायची, म्हणून मी नागरिकाच्या हक्कांवर बोलू लागलो. बाई म्हणाल्या, "काका, तुम्हीही बसा. तिचं रक्त शांत आहे, तुमचंच उसळतंय." बसलो. मला बसवणारी ही दुसरी बाई. पहिली आपली आई.

पण दादा, ही तपासणी म्हणजे काय न्याय आहे! ती ब्रायोनीची तुलना दुसऱ्या कुणाशी करत नाही. आजच्या ब्रायोनीला कालच्या ब्रायोनीपुढे उभं करते. काही हरामखोर स्वतःचं रक्त काढून फ्रीजमध्ये ठेवतात आणि शर्यतीआधी परत अंगात घेतात. रक्त बाहेर गेलं की शरीर घाईघाईने कोवळ्या पेशी कामाला लावतं (संपानंतर नवी भरती करतात तशी), आणि त्या कोवळ्या पेशी तपासणीत सापडतात. ब्रायोनीच्या रक्तात त्या सापडल्या. तिला कुणी विचारलंही नव्हतं, तरी रक्ताने सांगून टाकलं की शरीरातून पिशवीभर माल बाहेर गेलाय. इतका सच्चा साक्षीदार मी एकाही कोर्टात पाहिला नाही.

माल कुठे गेला हे मी ओळखलं. तपासणीच्या थोडंच आधी बोलिंग क्लबात माझं रक्तदानावर भाषण झालं होतं आणि निम्मं गाव बाह्या सरसावून आतल्या शिबिरात गेलं होतं. मी म्हटलं, "अगं, तपासणीच्या वेळी सांगायचं नाही का?" तर म्हणते, "मामा, त्या दिवसाबद्दल बोलणार नाही असा शब्द दिलाय." समितीला सांग म्हटलं, नाही. रक्तपेढीला तिच्या संमतीशिवाय बोलता येत नाही, आणि संमती द्यायलाही ती तयार नाही. संघ गेला तरी चालेल, शब्द जाणार नाही! मी तिच्यावर संतापलो, आणि खरं सांगतो, मान खाली घालून बाहेर आलो. निष्ठेवर हजार भाषणं देणारा मी. निष्ठा समोर बसून टोस्ट खात होती.

तुमचा,
डेसमंड

ता.क. शब्द कुणाला दिलाय, हे तिने सांगितलं नाही. पण त्या दिवशी क्लबात चहाच्या टेबलापाशी होतो तेव्हा आतून धप्प असा आवाज मीही ऐकला. चाळीस वर्षं खाटकाचं दुकान चालवलेला माणूस सुई पाहून शेजारच्या खाटेवरून खाली पडतो, ही लाजेची गोष्ट नाही. कपाळावरचं टेंगूळ होडीच्या वल्ह्याने आलं, असं तुम्ही परत गेल्यावर गावभर सांगितलंत, त्याबद्दलही माझी तक्रार नाही. फक्त पोरीला शब्दातून मोकळं करा आणि गुरुवारी स्वतः येऊन सांगा की ती तुमच्या शेजारी रक्त देत होती.

आणखी एक. चष्मा सापडत नाही म्हणून हे पत्र नेहमीप्रमाणे नॉर्मावहिनीच मोठ्याने वाचून दाखवत असतील, तर गुपित राखण्याचा प्रश्न आताच मिटला. वहिनी, गुरुवारी त्यांना गाडीत घालून आणा.